गायमुखचा चढ आणि न्यूरबुर्गरिंगची वळणं

गणपतीला तीन आठवडे ठाण्यात होतो. आरती झाली, ताटात मोदक पडले आणि मावसभावाने नव्या गाडीचा विषय काढला. त्याला गिअरचीच हवी. वहिनीचं म्हणणं, ऑटोमॅटिक घ्या, म्हणजे मीही चालवेन. निवाडा माझ्याकडे आला, कारण मी जर्मनीत, पोर्शे-मर्सिडीजच्या स्टुटगार्टला राहतो म्हणजे मला गाड्यांतलं सगळं कळतं अशी घरात समजूत आहे.

"दादा, तूच सांग. तिकडे स्पोर्ट्स कार कोणी ऑटोमॅटिक चालवतं का?"

म्हटलं, चालवतात की. मीसुद्धा. मी मोदकावर केचप मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

त्याचं चुकत नाही. आम्ही दोघंही गाडी शिकलो ती घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर. पुढे गुजरातकडे निघालेला कंटेनर, मागे बंपरला चिकटलेली रिक्षा आणि शेजारी बाबा. हँडब्रेक ओढ, हाफ क्लचवर धर, बोनेट जरा उचललं की हँडब्रेक सोड. तिथून गाडी मागे न घसरवता काढली की माणूस स्वतःला ड्रायव्हर समजायला लागतो. मीही समजत होतो.

जर्मनीत आपलं लायसन्स पहिले सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर '७८' हा आकडा येतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. एप्रिल २०२१ पासून त्यातून पळवाट निघाली आहे: गिअरच्या गाडीवर किमान १० धडे घ्या, ड्रायव्हिंग स्कूलची छोटी चाचणी द्या, मग परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी चालते. मी अर्थातच गिअरची गाडी मागितली. ठाण्याची अब्रू होती ना.

पहिल्या दिवशी गिअर टाकायला गेलो आणि डावा हात दणकन दारावर आपटला. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. त्याची सवय आठवड्यात झाली. पण सिग्नलच्या चढावर मी सवयीने हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता माझ्या डाव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, ब्रेक कशाला दिलाय? ज्या कसबावर आम्ही कॉलर ताठ करतो, ते त्यांच्या हिशेबी क्लचप्लेट जाळणं होतं.

तरी खुमखुमी गेली नाही. न्यूरबुर्गरिंग म्हणजे जर्मनीतलं गाड्यांच्या शर्यतीचं मैदान. त्याचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लायफं, १९२७ चा. २०.८ किलोमीटर, जंगलातून चढ-उतार, ७०च्या वर वळणं. ठरलेल्या दिवशी पैसे भरून कोणीही गाडी घालू शकतो, कायद्याने तो एकेरी टोल रस्ताच. मी दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी गिअरची गाडी भाड्याने घेतली आणि शेजारी ट्रेनर बसवला.

फुक्सऱ्योरं नावाचा उतार आहे. तिथून गाडी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते, तळाला पोट आत ओढलं जातं, की लगेच चढ आणि पुढे आडेनाउअर फॉर्स्टची वळणं. ब्रेक मारला, चौथ्यावरून खाली गिअर टाकला आणि रेस न देताच क्लच सोडला. इंजिन हळू फिरतंय, चाकं जोरात. ब्रेकमुळे वजन पुढे गेलेलं, मागची चाकं आधीच हलकी. इंजिनाने त्यांना असं धरलं की गाडीचं बूड डोललं. ट्रेनरने फक्त दाराचं हँडल घट्ट धरलं. ब्रेकवरचा पाय न काढता त्याच पायाच्या कडेने रेस द्यायची असते, ती विद्या गायमुखला कोणी शिकवत नाही.

दुसरी फेरी ऑटोमॅटिकवर मारली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला ट्रॅक दिसला. वळणात कुठून शिरायचं, ब्रेक कधी सोडायचा. पहिल्या फेरीत सगळं लक्ष डाव्या पायात होतं.

ही ऑटोमॅटिक म्हणजे आपल्याकडची स्वस्तातली एएमटी नव्हे. एएमटीत गिअरबॉक्स गिअरच्याच गाडीचा, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं माणसाऐवजी यंत्र करतं, म्हणून गिअर बदलताना मान पुढे जाते. स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो. पोर्शेने हे १९८० च्या दशकात रेसच्या गाड्यांवर आजमावलं आणि २००८ मध्ये ९११ या रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर आणलं. आताच्या पिढीची जीटी३, म्हणजे ९११ ची ट्रॅकसाठीची आवृत्ती, आली तेव्हा कंपनीचेच आकडे होते: शून्यापासून शंभरला ऑटोमॅटिक ३.४ सेकंद, गिअरची ३.९.

तरीही २०१३ ची जीटी३ फक्त ऑटोमॅटिक आली तेव्हा चाहते चिडले. २०१६ ला ९११ आर फक्त गिअरची काढली आणि २०१७ ला जीटी३ मध्येही क्लचचं पेडल परत आलं. ते लोक वेडे नाहीत. रविवारी सकाळी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी ५०० रस्त्यावर, मागे कोणी नसताना, दुसऱ्यावरून तिसरा नीट बसतो तेव्हा मलाही बरं वाटतं. पण ट्रॅकवर नवख्याने ऑटोमॅटिकच घ्यावी, हे मी आता कोणालाही तोंडावर सांगतो.

हे सगळं भावाला त्याच्या जुन्या गाडीत बसून ऐकवलं. दोन तास ट्रॅफिकमध्ये होतो, वेळ भरपूर. मानपाड्याला त्याचा डावा पाय भरून आला, पातलीपाड्याला त्याने तसं कबूलही केलं. पुढे जरा बाजूला घेऊन म्हणाला, दादा, तू चालव.

गायमुखच्या चढावर पुढचा कंटेनर हलला. मी पहिला टाकायला उजवा हात नेला आणि तो दणकन दारावर आपटला. तोवर क्लच सुटला, गाडी बंद. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरून हात काढलाच नाही.

"आधी हँडब्रेक ओढ," भाऊ म्हणाला. अगदी बाबांच्या आवाजात.