भोंगा, खोकला आणि टाळ्या

आमच्या गाडीत एक सीडी अडकून बसली आहे. ती बाहेर येत नाही, त्यामुळे दुसरी आत जात नाही. रेडिओ लावावा तर दर दोन मिनिटांनी कुठल्यातरी टॉवरमधला टू-बीएचके गळ्यात पडतो. परिणामी आमच्या गाडीत जो बसेल त्याला 'द अनप्लग्ड कलेक्शन, व्हॉल्यूम वन' ऐकावं लागतं. वय, शिक्षण, आवडनिवड काही विचारली जात नाही.

परवा दुपारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले होते. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या अलीकडे जे व्हायचं तेच झालं. मेट्रोच्या खांबांना टेकून वाहतूक उभी राहिली. पुढच्या टेम्पोवर लिहिलेलं सगळं वाचून झालं. आई मागे डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. सीडीवर नील यंग सुरू झाला, तशी मागून म्हणाली, "हा ऑर्गन आहे."

"अगं, तो गिटारवाला आहे. कॅनडातला."

"असेल. आत्ता ऑर्गन वाजवतोय. आपल्या नाटकातला."

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ती बरोबर होती. नील यंगचं 'लाइक अ हरिकेन' मुळात १९७७चं, इलेक्ट्रिक गिटारच्या गडगडाटाचं गाणं. १९९३ मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या कार्यक्रमासाठी त्याने ते एकट्याने, पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर म्हटलं. वादळ गेलं आणि नुसता वारा राहिला. मी ते गाणं वर्षानुवर्षं ऐकते आहे, आणि दर वेळी मला काहीतरी ओळखीचं वाटायचं, पण काय ते सापडत नव्हतं. आईला ते पहिल्या ओळीत सापडलं. तिने लहानपणी जेवढी संगीत नाटकं पाहिली त्या सगळ्यांत रंगमंचाच्या पुढ्यात एक ऑर्गनवाले असायचे, आणि पडदा वर जायच्या आधी त्यांनी धरलेला सूर हीच तिच्या लेखी नाटकाची खरी सुरुवात. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात तिकडून आलं, चर्चमध्ये आणि साहेबाच्या दिवाणखान्यात वाजता वाजता बालगंधर्वांच्या पदांमागे जाऊन बसलं, आणि आता मानपाड्याला ट्रॅफिकमध्ये आमच्या आईने त्याला ओळख दिली. "गळा बारीक आहे, पण सुराला पक्का आहे," असा नील यंगवर शेरा मारून तिने परत डोळे मिटले.

ही सीडी मुंबईच्या ऱ्हिदम हाउसमधली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, त्यामुळे परत करायचीही सोय नाही. मुळात हा अनप्लग्डचा कार्यक्रम एमटीव्हीने १९८९ मध्ये सुरू केला. मोठ्या मोठ्या रॉकवाल्यांना थोड्या लोकांसमोर स्टुलावर बसवायचं, हातात साधी गिटार द्यायची, आणि म्हणायचं, आता गा बघू. आमच्याकडे १९९१ मध्ये केबलवाल्याने गच्चीवर छत्री बसवली तेव्हा स्टारच्या गठ्ठ्यात एमटीव्ही आलं. १९९४ मध्ये त्यांचं आपसात फिस्कटलं, त्या जागी चॅनल व्ही आलं. म्हणजे ही संकलनाची तबकडी तिकडे १९९४च्या अखेरीस निघाली तेव्हा आमच्या टीव्हीवर ते चॅनलच नव्हतं. सीडीवर 'खंड पहिला' छापलंय. दुसऱ्याची वाट बघणं मी सोडून दिलं आहे.

संकलनाची एक खोड मला सहन होत नाही, ती म्हणजे टाळ्या. एका गाण्यामागच्या टाळ्या पुढच्या गाण्यापर्यंत अलगद नेऊन विझवतात, आणि लगेच दुसऱ्याची गिटार सुरू. ऐकणाऱ्याला वाटावं की सगळे एका मांडवात बसलेत, एरिक क्लॅप्टन उठला की पॉल सायमन बसतो, मग अ‍ॅनी लेनॉक्स, मग एल्टन जॉन. सार्वजनिक गणपतीच्या करमणुकीच्या कार्यक्रमासारखं. फक्त निवेदक तेवढा नाही. प्रत्यक्षात या टाळ्या वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या गावांच्या. पॉल मॅकार्टनीला वाजलेल्या टाळ्या १९९१च्या जानेवारीत लंडनच्या, नील यंगच्या लॉस एंजेलिसच्या. त्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, आणि इथे ती एका रांगेत बसून टाळ्या वाजवतात.

मॅकार्टनीचा एक किस्सा मात्र मी कोणालाही ऐकवते, ऐकायचा असो नसो. त्या दिवशी तो स्वतःचंच, जगाला पाठ असलेलं बीटल्सचं गाणं गाताना पहिल्याच कडव्यात शब्द विसरला. थांबला, हसला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अनप्लग्डच्या कार्यक्रमाचा अख्खा अल्बम काढणारा तो पहिला, आणि त्या अल्बममध्ये त्याने हे काढून टाकलं नाही. आपल्याकडे वन्स मोअर प्रेक्षक देतात. हा गडी स्वतःच स्वतःला वन्स मोअर देऊन मोकळा झाला.

क्लॅप्टनने तर आणखी गंमत केली. 'लैला' हे त्याचं १९७०चं धावतं गाणं. १९९२च्या अनप्लग्डला ते सुरू करण्याआधी लोकांना म्हणाला, ओळखता येतंय का बघा. आणि चक्क विलंबितात घेतलं. लोकांना क्षणभर कळेना, आणि कळल्यावर जी आरोळी उठली ती रेकॉर्डवर आहे. द्रुत चीज विलंबितात मांडून बसलेला गवई आपल्याकडे कोणी बघितला आहे का? भांडणं लागतील. (ते 'लैला' माझ्या अडकलेल्या सीडीवर नाही, क्लॅप्टनचं दुसरंच एक आहे. संकलन करणाऱ्यांना नेमकं आपल्याला हवं ते सोडून बाकीचं घ्यायचं प्रशिक्षण देत असावेत.)

मला स्वतःला गाण्याइतकंच गाण्याच्या कडेचं आवडतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज. गिटारची तार जुळवताना मारलेला फालतू विनोद. खोकला. खोकल्याचेही प्रकार असतात. एक घशाचा, एक 'गाणं लांबलं' असं सुचवणारा, आणि एक शेजाऱ्याला उठवणारा. स्टुडिओतल्या गाण्यात हे काही मिळत नाही, म्हणून मला स्टुडिओतलं गाणं नेहमी थोडं उपाशी वाटतं.

याला कारण आमची नौपाड्यातली बाहेरची खोली. वर्षातून एखादी बैठक आमच्याकडे व्हायची. बाबांच्या बँकेतला एक ग्रुप होता. त्यांच्यातलं कोणीतरी डोंबिवलीहून, कल्याणहून एखादे बुवा घेऊन यायचं. दुपारपासून सोफा आणि शोकेस शेजाऱ्यांच्या घरात. जाजम मंगल कार्यालयातून. बुवांसाठी लोड आणि पांढरी चादर, आणि चादरीच्या कडेला, तबल्यापासून हातभर अंतरावर, टेपरेकॉर्डर. त्याच्यामागे मी. वय नऊ-दहा असेल. माझ्याकडे एकच काम: पंचेचाळीस मिनिटं झाली की कॅसेट उलटायची.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. नव्वदची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. विलंबित ख्यालाला कॅसेटची बाजू किती उरली याच्याशी देणंघेणं नसतं. छोट्या काचेतून रीळ बारीक होत जाताना दिसायचं आणि मी बाबांकडे बघायचे, बाबा बुवांकडे बघायचे. शक्यतो सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन गेली की बाबा भुवई उडवायचे, आणि मी खटका दाबून झाकण उघडून कॅसेट फिरवून परत दोन बटणं एकदम दाबायचे. बुवा माझ्याकडे न बघता सूर लांबवायचे, एवढं मला समजायचं. तरी अर्धं आवर्तन जायचंच. आजही मारुबिहागाचा एक विशिष्ट आलाप कोणी घेतला की त्यात मला मध्येच 'खट्, खट्' ऐकू येतं, आणि नाही आलं तर गाणाऱ्याने काहीतरी गाळलं असं वाटतं.

स्टेशन जवळ. रात्री दहानंतर रस्ता शांत झाला की लोकलचे भोंगे थेट खोलीत. ठाण्याच्या माणसाला १८५३ पासून गाड्यांची सवय असली तरी गाण्यात भोंगा म्हणजे बाबांना लाजिरवाणं व्हायचं, जणू ती गाडी त्यांनीच सोडली. एकदा मध्यलयीत बुवा तान घेऊन समेकडे येत होते. तबलजी वाकून तयार. सगळ्यांचे हात वर. आणि समेच्या नेमक्या मात्रेवर बाहेर फास्ट गाडीने भोंगा दिला, तोही असा की बुवांच्या षड्जाला जवळपास मिळून गेला. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग बुवांनी गाणं न थांबवता खिडकीकडे हात केला आणि म्हणाले, "वा!" खोली फुटली. तबलजी हसता हसता ठेका सोडता सोडता राहिला. बाबा लाल झाले होते, पण आनंदाने.

त्या कॅसेटवर हे सगळं आहे. तंबोरे जुळवताना कोणीतरी "पंखा बंद करा हो" म्हणाल्याचं आहे. मध्यंतरात कपबश्या आहेत, कोणाची तरी शेवटच्या कसाऱ्याची चौकशी आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०२५च्या जानेवारीत कोल्डप्ले आले तेव्हा माझा भाचा गेला होता. मनगटात दिव्याचा पट्टा, हजारो माणसं एकाच वेळी लाल आणि निळी. आला तो अजून हवेत होता. त्याने मला फोनवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात बहुतेक वेळ त्याचा स्वतःचाच आवाज आहे, बेसूर, ओरडून गातोय. मी म्हटलं, हे जपून ठेव. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे.

अडकलेल्या सीडीवरचं एक गाणं मला गाडी चालवताना नीट ऐकता येत नाही. स्टीव्ही रे व्हॉन. एरवी विजेची गिटार पेटवणारा माणूस, १९९०च्या जानेवारीत बारा तारांची साधी गिटार घेऊन बसला आणि एकट्याने अख्खा बँड वाजवला. ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेला. वय पस्तीस. समोर बसलेल्यांना हे माहीत असायचं कारण नाही. ते साधे, आनंदी, आठवडाभरातल्या एका संध्याकाळच्या टाळ्या वाजवतात. आणि संकलनवाला त्या मोजून विझवतो, कारण पुढचं गाणं रांगेत आहे. तिथे दोन सेकंद जास्त द्यायला काय हरकत होती?

तर त्या भाच्याने बाबांच्या कॅसेट संगणकावर उतरवून द्यायचं मनावर घेतलं. उत्साही मुलगा. त्याच्याकडे आवाज स्वच्छ करायचं काहीतरी सॉफ्टवेअर आहे. त्यात आवाज चित्रासारखा दिसतो, नको तो डाग खोडता येतो. मागच्या रविवारी फाइल पाठवली. "मावशी, ऐक. एकदम क्लीन केलंय."

खोटं कशाला बोलू, गाणं सुरेख ऐकू येतं. घरघर गेली. पंखा गेला. खोकणारे सगळे बरे झाले. बुवांचा आवाज असा समोर आलाय की मला लहानपणीसुद्धा एवढा स्पष्ट ऐकू आला नसेल. आणि भोंगाही गेला. 'वा!' मात्र राहिलं, कारण ते माणसाच्या आवाजात आहे.

म्हणजे आता त्या फाइलमध्ये बुवा उत्तम तान घेतात, समेवर येतात, आणि स्वतःच स्वतःला "वा!" म्हणतात. मग लोक खदाखदा हसतात. बाबांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना ती फाइल गेली आहे, एकाने ती बुवांच्या शिष्यांनाही पुढे पाठवली म्हणे. आता कोणाकोणाला फोन करून सांगत बसू, की तिथे एक गाडी होती म्हणून?