आमची वाटचाल : पाटीवरचे ५० लिटर

सातपूरच्या गाळ्यात आम्ही द्राक्षबागेच्या फवारणीसाठी तीन प्लंजरचे एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचे, पंप बनवतो. प्लंजर म्हणजे सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकून पाणी ढकलणारा दांडा. सुरुवातीची वर्षं सुरळीत गेली. सांगायचंय ते पंप मिनिटाला किती लिटर पाणी देतो, त्या आकड्याचं.

आमचा प्लंजर ३० मिमी व्यासाचा, स्ट्रोक, म्हणजे त्याची एका वेळची सरक, ३२ मिमी. क्षेत्रफळ ७.०७ चौ. सेमी, गुणिले ३.२, म्हणजे एका स्ट्रोकला २२.६ सीसी. तिघांचे मिळून ६७.९. पंप ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी, फिरला की मिनिटाला ५४.३ लिटर, पण ते कागदावर. व्हॉल्व बसायला जरा उशीर होतो, प्लंजरभोवतीचं पॅकिंग थोडं गळतं. ९२ टक्के धरले की ५० उरतात. पंपाच्या पाटीवर आम्ही ५०च ठोकले.

शेजारच्या गाळेवाल्याने त्याच मापाचा पंप काढला आणि कॅटलॉगात ६४ छापले. गणित खोटं म्हणता येत नाही. ९५० आरपीएम आणि शंभर टक्के धरले तर ६४.५ येतातच. पण पुली द्यायचा ८०० आरपीएमची! डीलर तिकडे वळले. एका हंगामात निम्म्याहून जास्त ऑर्डरी गेल्या, लेथ बँकेकडे तारण पडला, पगार थकले.

दिंडोरीचे एक बागायतदार तेवढे हटले नाहीत. त्यांनी दोन्ही पंप आळीपाळीने एकाच मोटरला जोडले, दाबाचं गेज ३० किलोवर (दर चौ. सेमीला) ठेवलं आणि २०० लिटरचा ड्रम भरायला लावला. आमच्या पंपाने ४ मिनिटांत भरला. ६४वाल्याला ३ मिनिटं ८ सेकंद पुरायला हवे होते. त्यालाही चारच लागले. ही गोष्ट बागाबागांतून फिरली तेव्हा कुठे ऑर्डरी परतल्या.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. हिशेबात स्ट्रोकच्या जागी क्रँकची (प्लंजर हलवणाऱ्या वाकड्या शाफ्टची) त्रिज्या धरू नका, स्ट्रोक तिच्या दुप्पट असतो. आरपीएम मोटरच्या प्लेटवरून घेऊ नका, पंपाच्या शाफ्टला टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) लावा. पट्टा सैल असला की पुलीचं गणित फसतं. बायपासमधून, म्हणजे जादा पाण्याच्या परतीच्या नळीतून, टाकीत परतणारं पाणीही मोजा, नाहीतर चांगल्या पंपाला दोष द्याल. डबल ॲक्टिंग, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी ढकलणारा, पंप असेल तर एका बाजूने रॉडचं क्षेत्रफळ वजा करा. आणि ५०च्या जागी ३३-३४ लिटरच येऊन गेजचा काटा थरथरत असेल, तर आधी व्हॉल्व उघडा. बहुतेक एका सिलिंडरच्या व्हॉल्वच्या सीटवर (तो बसतो त्या जागी) कचरा अडकलेला असतो. तिथे पॅकिंग आवळत बसलात तर प्लंजर तापेल, लिटर वाढणार नाहीत.