तुम्ही विचारलंत म्हणून: लघु-गुरू मोजल्यावर कवितेत काय उरतं?

मी कोल्हापुरात दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. पालकसभेत असो की मंडईत, एक प्रश्न ठरलेला: "बाई, वृत्त, यमक, अलंकार अशी चिरफाड केल्यावर कवितेत काय उरतं हो?"

गेल्या वर्षीचं सांगते. मनाच्या श्लोकांतला पहिला श्लोक मुलांना आठवून लिहायला सांगितला आणि लघु-गुरू, म्हणजे आखूड-लांब अक्षरांच्या खुणा, लावायला लावले. वृत्त भुजंगप्रयात. 'यमाचा' या शब्दाचा ठेका चार वेळा, म्हणजे दरवेळी एक लघु, दोन गुरू. ओळीत 12 अक्षरं.

वर्गातला एक मुलगा कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवतो. तो चिन्हं मांडत बसला नाही, बाकावर बोटांनी वाजवत गेला. ग-णा-धी, श-जो-ई, श-सर्-वां, गु-णां-चा. तीन ओळी सरळ गेल्या, चौथीला थबकला. "बाई, हितं ठेका तुटतोय." वहीत होतं, 'गमूं पंथ अनंत या राघवाचा'. 'थ'नंतर गुरू हवा, आणि 'अ' तर लघु. पुस्तक उघडलं. समर्थांनी 'आनंत' लिहिलंय! ठेक्यासाठी एक काना जास्तीचा दिलाय. त्यानं वहीत तो काना दिला, पुन्हा वाजवलं, आणि ओळ कशी घडवलीय ते त्याच्या बोटांना कळलं. नुसतं पाठ म्हणताना ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

'मुळारंभ आरंभ' हा अनुप्रास, एवढं लिहिलं की मार्क मिळतात. मला त्यात फारसं काही वाटत नाही. पण वर 'सर्वां गुणांचा' आणि लगेच खाली 'निर्गुणाचा'! हा विरोध नेमका यमकाच्या जागी आणलाय, म्हणून तो अर्थाच्या आधी कानाला लागतो.

इथल्याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव ज्यूलियनांनी मराठी वृत्तांचा 'छंदोरचना' हा केवढा ग्रंथ लिहिला. ते स्वतः कवी होते, आणि मात्रा मोजून त्यांची कविता काही आटली नाही.

त्याच दिवशी यमकांखाली रेघा ओढताना आणखी एक दिसलं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'चत्वार वाचा' आहे, म्हणजे वाणीची चार रूपं: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. चौथीच्या शेवटी 'राघवाचा'. त्या शब्दाच्या पोटात अख्खी 'वाचा' बसलीय. लहानपणापासून म्हणत आलेय हा श्लोक, आणि पेन्सिल हातात घेतली तेव्हा दिसली.