साडेनऊ किलो

मंगळवार, रात्र. 90 मिली.

ही वही खरं म्हणजे ड्रेनची, जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची. सुटी देताना वॉर्डातल्या सिस्टरनं बजावलं की चोवीस तासांत किती पाणी आलं ते रोज लिहायचं, अंदाजे सांगायचं नाही. म्हणून सेवाग्रामच्या दवाखान्यासमोरून दहा रुपयांची वही घेतली. पण एका पानावर एकच आकडा लिहिला की खाली सगळं पान कोरं राहतं. त्या कोऱ्या जागेत हे.

गेल्या गुरुवारी बायकोचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. आज संध्याकाळी गाडी करून घरी आणलं. एसटीत तिचं अर्धंच तिकीट पडलं असतं, पण फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता असा आहे की धडधाकट माणसाचेही टाके उसवावेत.

पोट्टी सहा दिवस माझ्या मायजवळ होती. मला वाटलं आईला बघितल्याबरोबर झेपावेल. ती मायच्या लुगड्यामागे गेली आणि तिथून एक डोळा काढून बघत राहिली. बराच वेळ. मग आली, आईच्या पुढ्यात उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"घे."

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

दोन किलोच्या वर वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पाण्यानं भरलेला गुंड नाही, पिठाचा डबा नाही, विहिरीचा दोर तर नाहीच. पोट्टी मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या काट्यावर साडेनऊ किलो भरली. एक वर्ष दहा महिन्यांची आहे. आणि तिची हक्काची जागा म्हणजे आईची डावी कड. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून बाया लेकरू डाव्या कडेवर घेतात, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला कधी दिसलं नव्हतं.

मी उचलली. तिनं माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला.

बुधवार. 80 मिली.

काखेखालून एक बारकी नळी निघते आणि चुण्या पडलेल्या प्लास्टिकच्या डब्याला जाऊन मिळते. भजनातल्या पेटीचा भाता असतो तसा डबा. नळी चिमटीत धरायची, झाकण उघडायचं, पाणी मापात ओतायचं, मग डबा पूर्ण दाबायचा आणि दाबलेला असतानाच झाकण लावायचं. तो फुगू बघतो आणि फुगता फुगता आतलं पाणी ओढून घेतो. दाबायचं राहिलं तर ओढ राहत नाही, पाणी जखमेतच साचतं. वॉर्डात हे दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. फवारणीचा पंप मारणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही. रंगाची तेवढी सवय व्हायला वेळ लागला. आधी लालभडक होतं, आता पाणी घातलेल्या डाळिंबाच्या रसासारखं आहे.

मायनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिला नाडी लावली. बायको ती गळ्यात अडकवते आणि डबा त्यात. पोट्टीला वाटतं आईनं काहीतरी खाऊ लपवलाय.

रात्री पोट्टी माझ्याजवळ. गेल्या महिन्यापर्यंत ती अंगावर पीत होती. तपासण्या झाल्या, औषधं सुरू करायची म्हणून दूध तोडायला सांगितलं, आटवायच्या गोळ्या दिल्या. मायनं आपला उपाय केला, निंबाचा पाला वाटून लावला. चार रात्री रडली. पाचव्या रात्री बोट दाखवून "कडू" म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तेव्हापासून त्या जागेला आमच्या घरात तोच शब्द आहे.

आता झोपेत तिचा हात माझ्या बनियनमध्ये शिरतो, चाचपडतो, केस सापडतात. ते मुठीत धरून झोपते. मूठ सोडवायला गेलं की जागी होते, म्हणून दात आवळून पडून राहायचं. हे लिहितोय ते उजव्या हातानं, डावा हात तिच्याखाली मुंग्या येऊन मेलाय.

गुरुवार. 85 मिली.

काल 80 आणि आज 85, कारण माझी चूक.

दुपारी बैल सुटला. मी दोन मिनिटांसाठी बाहेर गेलो. बायको बाजेवर डोळा लागून पडलेली, माय मागच्या अंगणात. पोट्टीनं पोळ्याचा लाकडी बैल आणला (तान्ह्या पोळ्याला तिच्या मामानं दिलेला, एक चाक निघालेला) आणि पिशवीची नाडी त्या बैलाच्या शिंगांना अडकवून ओढायला लागली. दावणीला बांधत होती. मी किंकाळी ऐकली ती बायकोची.

आत आलो तर नळी ताणलेली, कातडीजवळच्या टाक्यातून रक्ताचा एक थेंब, आणि पोट्टी माझं तोंड बघूनच भोकाड पसरून बसलेली. मी तिला मारलं. पाठीवर, एकच. लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगणार नाही.

वॉर्डात फोन लावला. सिस्टरनं शांतपणे विचारलं, डबा अजून दबलेला आहे का? नळी किती बाहेर आली? रक्त वाहतंय की थेंब आहे? डबा दबलेला होता, नळी जागेवर होती. मग म्हणाली घाबरू नका, पट्टी करा, सूज आली किंवा डबा आपोआप फुगला तर लगेच घेऊन या. संध्याकाळपर्यंत मी दर अर्ध्या तासानं त्या डब्याकडे बघत होतो, जसं पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याकडे बघतो.

बायको म्हणाली, "तिले कायले मारलं जी? तिले का समजते."

आता पिशवी गाऊनच्या आतून.

शुक्रवार 60. शनिवार 55.

झोप नाही. पोट्टीला सर्दी.

रविवार. 45 मिली.

भेटायला येणाऱ्यांचा दिवस. सकाळपासून अकरा माणसं, पाच बिस्किटपुडे, एक पपई. आलेली प्रत्येक बाई आधी बायकोच्या छातीकडे बघते आणि मग चटकन दुसरीकडे. बायको म्हणते, बघा म्हणावं सरळ, तिकीट थोडीच आहे.

माझं मात्र कौतुक. "माणूस असून लेकराचं सारं करते बापा!" मामी तर डोळे पुसत म्हणाली. हीच मामी बावीस महिन्यांत बायकोला एकदाही असं म्हणाली नव्हती. चहा देताना माझा चेहरा दिसला असावा, माय कोपरानं ढोसत होती.

संध्याकाळी पानठेल्यावर दूध घ्यायला थांबलो. तिथं एक जण पन्नीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत घोटत मला विचारतो, "वहिनीनं तं कदी सुपारीबी खाल्ली नाई, मंग तिले कॅन्सर कसा?" मी म्हणालो, बायांमध्ये आपल्या देशात सगळ्यात जास्त हाच होतो, सुपारीचा नि त्याचा संबंध नाही, सुपारीचा संबंध तुझ्या तोंडाशी आहे. हसला, चुना चोळला, खर्रा गालात सारला. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. आमच्या ठेल्याला ती बहुतेक अजून कळवलेली नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगितली, मामीलाही, ठेल्यावरही. जूनमध्ये हिला गाठ लागली तेव्हा आम्ही तालुक्याच्या एका डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी पदराआडूनच बघितलं आणि दुधाची गाठ आहे, शेक द्या, पाजत राहा म्हणाले. आम्हाला तर ते पटलंच, आम्हाला तेच ऐकायचं होतं. मायनं एरंडाची पानं गरम करून बांधली. जून, जुलै, ऑगस्ट. पेरणी, डवरणी, फवारणी. दूध चालू असतानाही सोनोग्राफी करता येते, सुईनं तुकडाही काढता येतो, आणि दोन आठवड्यांत न विरलेली गाठ दुधाची समजून बसायचं नसतं, हे मला सप्टेंबरात कळलं. त्या डॉक्टरवर राग आहे. पण तीन महिने रोज रात्री त्याच अंथरुणावर मीही झोपत होतो.

सोमवार. 35 मिली.

कापूस फुटून लोंबतोय. पऱ्हाटी पांढरी झाली आणि वेचायला बाई मिळत नाही. दरवर्षी आमची सीतादही हीच करते, शेतात दहीभात ठेवून पहिला कापूस तीच वेचते. यंदा मायनं केली, काठी टेकत.

बायको बाजेवरून विचारत होती, धुऱ्याकडच्या तासाचं, बांधाजवळच्या कापसाच्या ओळीचं, काय झालं. मी म्हणालो, तू त्या तासाचं विसर. कारण आता कायमचंच सांगितलंय की डाव्या हाताला काटा, चिरा, भाजणं काही होऊ द्यायचं नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हातातलं पाणी पूर्वीसारखं निचरत नाही, साधी जखम चिघळली तरी हात सुजू शकतो. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. आणि कापूस वेचणं म्हणजे काय? सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून घेणं. वेचणीच्या दिवसांत हिची नखं कडेनं कायम फाटलेली असतात. रात्री खोबऱ्याचं तेल लावून बसते.

"मंग मी आता शेतात काय करू? मोजू?"

"मोज."

"तुमी काटा मारसान म्हणून बाया मलेच मोजाले लावतीन," म्हणाली आणि हसली. हसताना उजव्या हातानं डावी बाजू दाबून धरते.

मंगळवार 25.

व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची. जिथं थांबली तिथं मी कोळशानं रेघ मारतो. शनिवारची रेघ खांद्याला होती, आजची कानाला. पोट्टीही शेजारी उभी राहून भिंत खरवडते आणि रेघ मारून घेतल्याशिवाय हलत नाही. तिच्या सगळ्या रेघा एकाच उंचीवर आहेत.

बुधवार. 20 मिली.

बायको अंग पुसून घेत होती, दाराला कडी नव्हती. पोट्टी ढकलून आत गेली. मी मागे धावलो तोवर तिनं बघितलं होतं. एका बाजूला कडू आहे, दुसऱ्या बाजूला सपाट, वरून पट्टी.

बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "कडू गेलं?"

बायको म्हणाली, "हाव बाई. गेलं."

पोट्टीनं मान डोलावली, दारातला तांब्या उचलला आणि पाणी सांडत बाहेर गेली. मी दाराशी उभा राहिलो. आत बायको रडत होती की हसत होती ते मला आवाजावरून कळलं नाही आणि मी आत जाऊन बघितलंही नाही.

गुरुवार. ड्रेन काढला.

पहाटेची गाडी. ओढून काढताना तिनं माझं मनगट धरलं, नखांचे वळ अजून आहेत. टाकेही काढले. रिपोर्ट आला होता. काखेतल्या 12 गाठींपैकी 2 मध्ये आहे. म्हणजे केमो, दर एकवीस दिवसांनी, मग विजेचा शेक, रेडिएशन. आधीच सांगितलेलं होतं तरी दोन हा आकडा ऐकून कान बधिर झाले. डॉक्टर बोलत होते आणि मी 90, 80, 85 लिहिलेली वही उघडून बसलो होतो. त्यांनी पानं उलटली, खालचा मजकूर दिसला असणार, पण फक्त आकड्यांवर टिचकी मारली.

खाली आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन पुढच्या मंजुरीचं विचारलं. केशरी रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स पुन्हा दिल्या. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं तसं केमोही होईल. हे नसतं तर चार एकरांपैकी दोन गेले असते, त्यात वाद नाही.

शनिवार.

आकडा नाही. सवयीनं वही उघडली.

या बारा दिवसांत मी दिवसातून पंधरा-वीस वेळा पोट्टीला तिच्या आईपासून सोडवून आणलं. रडत, लाथा मारत. तिच्या लेखी मी आईला चोरणारा माणूस आहे. मला बघितलं की आधी आईचा गाऊन घट्ट धरते.

आज दुपारी शेतातून आलो. एका वेचणारीला शंभर रुपये उचल देऊन कबूल केलं, तिच्या दोन जावा सोमवारी येतील. ओसरीत आलो तर बायको बाजेवर नव्हती. खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, डाव्या बाजूला गोधडीची घडी लावलेली, आणि पोट्टी उजव्या मांडीवरून स्वतःच चढून तिच्या पोटावर डोकं ठेवून गाढ झोपलेली. तोंडातून लाळ गाऊनवर.

मी पुढे झालो, हात घातला. सवयीनं.

"राहू द्या जी," ती हळूच म्हणाली. "उचलू नोको म्हणलं व्हतं. खाली बसू नोको असं कोन म्हणलं?"

मग मी पण खाली बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली पाठीला मुंग्या आल्या, पाणी द्या. पाणी दिलं. मायनं चुलीवर वरणाला फोडणी घातली, त्या आवाजानंही पोट्टी उठली नाही.

सोमवारी बाया येतील तेव्हा हिला शेतात नेईन. पोट्टीची झोळी धुऱ्यावरच्या निंबाला बांधायची आहे, त्यासाठी बायकोनं तिची जुनी हिरवी साडी काढून ठेवलीय.