तुम्ही विचारलंत म्हणून: हल्लीच्या वस्तू टिकत का नाहीत?

मी फावल्या वेळात बिघडलेल्या वस्तू उघडून बसतो हे एकदा ओळखीत पसरलं, की कुणी ना कुणी पिशवीतून इस्त्री घेऊन येतं आणि ती टेबलावर ठेवता ठेवता विचारतं, "पूर्वीच्या वस्तू कशा वर्षानुवर्षं चालायच्या! हल्लीच्या का हो टिकत नाहीत? कंपन्या मुद्दामच करतात ना?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, माझी फक्त मान डोलायला हवी असते. मी ती अर्धीच डोलावतो. उरलेल्या अर्ध्या मानेचं कारण सांगायला इस्त्री दुरुस्त होईपर्यंतचा वेळ पुरत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी त्या पूर्वीच्या वस्तूंबद्दल. चाळीस वर्षांचा म्हातारा पंखा अजून गरगरताना दिसतो, कारण तो उरला आहे. त्याच्या बरोबरीचे जे जळाले ते केव्हाच भंगारात गेले, आणि भंगारात गेलेल्या पंख्याची आठवण कोण काढतं? शिवाय त्या वस्तू 'चालायच्या' म्हणजे दुरुस्त होत होत चालायच्या. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, खोबणीत बसवलेले असत, ओढला की बाहेर. ते जाणार हे बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं होतं. ही खोबण लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता कट. कटाचा विषय निघाला की बल्बची गोष्ट हमखास निघते, आणि ती खरी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स आणि इतर मोठे बल्ब-उत्पादक जिनिव्हात एकत्र आले, 'फीबस' नावाचा संघ काढला आणि आपसांत ठरवलं, की घरगुती बल्ब १,००० तास चालला की पुरे. तोवर दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत होते. कारखान्यांकडून नमुने मागवून स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत जाळून पाहिले जात, आणि ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त जगला त्याला दंड! दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा संघ मोडला. एवढं सांगितलं की समोरचा "बघा, म्हणत नव्हतो मी?" अशा नजरेने बघतो.

पण जरा त्या तारेचंही ऐकून घ्यायला हवं. साध्या बल्बातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. ती जितकी जास्त तापेल तितका विजेचा मोठा वाटा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात जातो, कमी तापली तर बहुतेक सगळी वीज उष्णतेत. पण जास्त तापली की टंगस्टनचे अणूही भराभर उडतात आणि काचेला आतून काळपट पुट चढतं. तार कुठेतरी किंचित बारीक होते, बारीक झाली तिथे आणखी तापते, आणखी तापली म्हणून आणखी झिजते, आणि एक दिवस तिथेच तुटते. बटण दाबतानाच बल्ब का उडतो, त्याचंही कारण यातच आहे. थंड तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी अनेक पट प्रवाह आत घुसतो आणि बारीक झालेल्या जागेला तो सोसवत नाही.

म्हणजे तारेचा बल्ब जास्त जगवायचा तर तिला कमी तापवायचं. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरवलं तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, पण उजेड सहाव्या हिश्शाने घटतो आणि वीज मात्र त्या मानाने वाचत नाही. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे. त्याचे फोटो लोक मला पुराव्यादाखल पाठवतात. तो आज जेमतेम ४ वॅटवर मिणमिणतो, आणि सहसा बंदही केला जात नाही. त्याच्या उजेडात कुणाला स्क्रू शोधायला सांगा बरं. ६० वॅटचा बल्ब १,००० तासांत ६० युनिट वीज खातो. बल्बाच्या किमतीपुढे हे बिल कितीतरी मोठं, त्यामुळे दीर्घायुषी पण मंद बल्ब शेवटी ग्राहकालाच महाग पडला असता. जास्त जगणाऱ्याला दंड करणं ही लबाडीच. पण १,००० तासांचा आकडा काही निव्वळ लबाडीतून आलेला नव्हता.

तेव्हा इथे मी मान डोलावत नाही. पण पुढे डोलावतो, कारण एलईडीच्या बाबतीत हे सगळं गणित नेमकं उलटं होतं.

एलईडीला तापणं मानवत नाही. जितका कमी प्रवाह सोडाल, जितकं थंड ठेवाल, तितका युनिटमागे उजेडही जास्त आणि आयुष्यही जास्त. तारेला जी सबब होती ती एलईडी बल्ब बनवणाऱ्याला नाही. तरी हे बल्ब जातात. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं आणि वर्ष-दीड वर्षात उजेड लपलपायला लागतो. असा एखादा बल्ब उघडून बघा (सॉकेटमधून काढून, थंड झाल्यावर). वरची पांढरी टोपी पिळली की बहुधा निघते. आत अॅल्युमिनियमची गोल चकती आणि तिच्यावर पिवळ्या चौकोनी टिकल्या, म्हणजेच एलईडी, रिंगणात बसवलेल्या. त्यातल्या एखाद्या टिकलीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसेल. ती गेलेली. बाकीच्या सगळ्या धडधाकट असतात, पण त्या एकामागे एक, सीरिजमध्ये जोडलेल्या असल्यामुळे एक गेली की सगळ्यांचा अंधार. दहा टिकल्यांचं काम सहा टिकल्यांकडून करून घ्यायचं म्हणून प्रत्येकीतून जास्त प्रवाह ढकललेला असतो. चार टिकल्यांची बचत, बस.

हे टाळता येतं याचा पुरावाही आहे. २०१६ मध्ये फिलिप्सने दुबईच्या नगरपालिकेबरोबर 'दुबई लॅम्प' आणला. त्यात एलईडी जास्त, आणि प्रत्येकीला प्रवाह कमी. वॅटमागे २०० ल्युमेन (उजेड मोजायचं माप) उजेड. काही नवा शोध लावावा लागला नाही, चार टिकल्या जास्त घालायची तयारी लागली. असे बल्ब जगभर सर्रास का दिसत नाहीत, हा प्रश्न १९२४ च्या कटापेक्षा मला जास्त सतावतो.

आपल्या हातात एवढंच, की एलईडी बल्ब बंद काचेच्या गोळ्यात कोंडू नये. तारेचा बल्ब आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकायचा, एलईडीची उष्णता मागच्या बुडातून, अंगावरून हवेत जावी लागते. हवा कोंडली की आतलं सर्किट शिजतं.

आणि सर्किटात शिजतो कोण, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज घटकाभर साठवून धरणारा भाग. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुखण्यांत मला सर्वांत जास्त वेळा भेटणारा प्राणी हा. बोटाच्या पेराएवढी नळकांडी, आत अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजलेला कागद गुंडाळलेला. खाली रबराचं बूच. त्या बुचातून तो द्रव वर्षानुवर्षं अगदी हळूहळू उडत असतो. अंगावर '१०५ अंश' लिहिलेलं असतं, आणि सोबत कंपनीच्या कागदावर समजा २,००० तास. म्हणजे १०५ अंशांवर २,००० तास. ढोबळ हिशोब असा की दर १० अंश उतरलं की आयुष्य दुप्पट. ९५ ला ४,०००, ८५ ला ८,०००, ६५ अंशांवर ठेवलात तर ३२,००० तास. तोच भाग, त्याच किमतीचा. तो तापणाऱ्या ट्रान्झिस्टरला खेटून बसवलाय की दोन बोटं लांब, एवढ्यावरून वस्तू तीन वर्षं चालणार की बारा, ते ठरतं.

माझं मत असं, की यात कपटापेक्षा घाई आणि काटकसर जास्त आहे. सर्किटाची पाटी लहान करायची म्हणून भाग दाटीने बसवले जातात, आणि वॉरंटीच्या पलीकडचा हिशोब करायला कुणी सांगितलेलंच नसतं. टीव्ही चालू व्हायला वेळ घेतो, लाल दिवा नुसता लुकलुकतो, आत टिकटिक होते, अशी तक्रार आली की मी मल्टिमीटर काढायच्या आधी टॉर्च काढतो. या कपॅसिटरच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते, आत वायू साठला तर तिथून फाटावं म्हणून. माथा सपाट असायला हवा. टपोरा फुगलेला दिसला की जवळजवळ निदान झालं. जुना काढा, नवा डाख देऊन (सोल्डर करून) बसवा, अधिक-उणे टोकं उलटी लावू नका.

एक इशारा मध्येच देतो, कारण वाचून कुणाला तरी हुरूप येणार: मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका. त्यातला कपॅसिटर २,००० व्होल्टच्या घरात खेळतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. हौस म्हणून उघडायची ती वस्तू नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडतो तो छताचा पंखा. त्याचाही दुबळा भाग कपॅसिटरच, वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतो तो, बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या साठवणीचं माप). पण तो वेगळ्या जातीचा. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा, आणि कुठे ठिणगी पडून भोक पडलंच तर भोकाभोवतीचा मुलामा तेवढा जळून उडतो आणि जखम बंद होते. स्वतःच स्वतःला बरा करतो, पण दर वेळी थोडा थोडा घटतो. अडीचाचा दीड झाला की पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायला लागतो, आणि घरातले म्हणतात मोटर गेली. मोटरला काही झालेलं नसतं. मेन स्विच बंद करायचा, वरची वाटी खाली सरकवायची, कपॅसिटरच्या दोन वायरी काढून नव्याच्या दोन लावायच्या. ज्याने हा भाग मोटरच्या आत न कोंबता बाहेर, हाताशी ठेवला, त्याला मी मनातल्या मनात दर वेळी नमस्कार करतो. ही ती खोबण.

वाटण्या-कापण्याच्या यंत्रांतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांबद्दलही लोक फार वाईट बोलतात. "आत प्लॅस्टिकचं घातलंय हो, लबाड!" दर वेळी तसं नसतं. मोटर आणि पातं यांच्यामध्ये काहीतरी नरम असावंच लागतं. पातं अडकलं तर ते तुटतं आणि मोटर वाचते, फ्यूज उडून घर वाचतं तसं. पोलादाचं चाक घालाल तर पुढच्या वेळी मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळेल. चाक मऊ आहे याला माझी हरकत नाही. ते तुटल्यावर तेवढंच एक चाक कुठे मिळत नाही, याला आहे.

मला खरा राग येतो तो याच जागी. वस्तू पूर्वीपेक्षा वाईट झाल्या असं मी सरसकट म्हणणार नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात विकला जाणारा सरासरी फ्रिज वर्षाला १,८०० युनिटच्या आसपास वीज खायचा, आजचा त्याहून मोठा फ्रिज त्याच्या तिसऱ्या हिश्शात भागवतो. तो जुना फ्रिज 'अजून चालतोय' म्हणून कौतुकाने चालवणाऱ्याने एकदा मीटरही बघावा. पण त्याच काळात स्क्रूच्या जागी गोंद आला, साध्या फुलीच्या जागी कुणाच्याच स्क्रूड्रायव्हरला न बसणारी डोकी आली, बॅटरी पाठीला चिकटवली गेली. काही फोनमध्ये तर अस्सल पडदा दुसऱ्या तशाच फोनमधून काढून लावला तरी सॉफ्टवेअर कुरकुरतं, की हा भाग माझा नाही. बॅटरी झिजणारच, ती रसायनं आहेत, भरून-रिकामी होताना आतून थकतात, उष्णतेने आणखी लवकर. झिजणार हे ठाऊक असलेला भाग चिकटवून टाकणं, याला मी पूर्ण मान डोलावतो: हो, हे मुद्दाम.

फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर 'दुरुस्त होण्याचे गुण' छापायला लावले, दहापैकी किती ते. उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, असं पाहून. किंमत आणि वजनाच्या शेजारी हा आकडा बघायची सवय लागली तर मला आवडेल.

तोवर, "मग घेऊ कुठली?" या हमखास जोडप्रश्नाला मी कंपनीचं नाव सांगत नाही. वस्तू उलटी करून बघा म्हणतो. स्क्रू दिसतात का, की नुसता सांधा? हवा जायला भोकं आहेत का, आणि ती ठेवायच्या जागी भिंतीला टेकून बुजणार तर नाहीत ना? मोटरची वस्तू असेल तर कार्बन ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) झाकणं बाहेरून उघडता येतात का? वायर जिथे अंगात शिरते तिथे रबराची नळी आहे का, कारण वायर नेहमी तिथेच तुटते, आणि नव्वद टक्के इस्त्र्यांचं दुखणं तेवढंच असतं, असं माझा हात सांगतो. मग विकणाऱ्याला विचारा, दोन वर्षांनी याचा अमुक एक भाग सुटा मिळेल का. "अहो, दोन वर्षांनी नवीनच घ्या की" असं तो म्हणाला, तर शेजारची वस्तू उलटी करून बघा.