सरासरीत न दिसणारी साखर
टाइप १ मधुमेहाचे निदान झाल्यापासून ११ वर्षांत माझे एचबीए१सी (रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ९.४ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आले आहे. मात्र हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरीच सांगतो, आणि पहाटे साखर ५४ पर्यंत उतरल्यावर घामाने भिजून, थरथरत्या हातांनी ग्लुकोजच्या गोळ्यांचे झाकण उघडण्याची धडपड त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून साखर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान किती वेळ राहते, याकडे मी अधिक लक्ष देतो. सर्वांत मोठा फरक पडला तो जेवणाच्या १५ मिनिटे आधी इन्शुलिन घेण्याने, कारण त्वचेखाली टोचलेल्या जलद इन्शुलिनलाही काम सुरू करण्यास वेळ लागतो. (साखर आधीच कमी असेल, तर मात्र मी प्रथम जेवतो.) सुईची जागा रोज बदलू लागल्यापासून पोटावर एकाच जागी टोचून झालेली जुनी गाठही हळूहळू मऊ होत आहे.