मे महिन्याचं पान

पाऊस लांबलाय, म्हणून आमच्या वाचनाच्या कॅलेंडरविषयी हे लिहायला सवड आहे. सोयाबीनच्या थैल्या छताला टेकल्यात. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, बाहेर जाऊन आभाळाकडं बघतं आणि तसंच निघून जातं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विद्यापीठवाले दरसाल सांगतात. आमच्याकडं आतापर्यंत दोनदा नुसता शिडकावा झालाय. रस्त्यावरची धूळसुद्धा नीट बसली नाही.

परभणी जिल्ह्यात मानवतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर एका बियाणं कंपनीचं मोठं कॅलेंडर आहे. उधारीच्या तारखा त्यावर लिहाव्यात अशी कंपनीची अपेक्षा असावी. आम्ही चौघं त्यावर वाचायचं काय ते लिहितो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शटर अर्धं ओढायचं, समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचा आणि पुढच्या महिन्याच्या चौकोनांत ज्यानं त्यानं आपलं लिहायचं. चौघं म्हणजे निवृत्त झालेले आमचे सर, दवाखान्यात सिस्टर असलेल्या ताई, परभणीच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा करणारा माझा भाचा आणि मी. वाचतो फक्त फँटसी. राक्षस, जादूगार, नकाशे, तलवारी. घरी याला पोरखेळ म्हणतात आणि मी वाद घालत नाही.

चार वर्षांत आमची एक भाषा झालीय. पुस्तक उघडलं की पेरणी. संपलं की रास. सोडून दिलं की पडीक. आणि मधे इतके दिवस गेले की कोण कुणाचा भाऊ हेच आठवेना, मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, तर ती दुबार पेरणी. फँटसी वाचणाऱ्याला दुबार चुकत नाही. एकेका घराण्याची पाच-सात पोरं, त्यातल्या दोघांची नावं सारखी, वर प्रत्येकाच्या तलवारीला वेगळं नाव. लग्नसराईत आठ दिवस पुस्तक बंद राहिलं की गेलं पीक.

महिन्याला बारा-बारा पुस्तकं ठरवणारे मला भेटलेत. त्यांचं ऐकताना एकरी वीस क्विंटल सोयाबीन काढल्याचं सांगणारे आठवतात. मी मान हलवतो आणि चहा सांगतो.

ठरवून वाचण्याचं आमचं कारण साधं आहे. पुस्तक एकच असतं. ते कुणाकडं किती दिवस राहणार, हे ठरलं नाही तर भांडणं होतात. पाणीपाळीसारखंच हे. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून जातो, त्यामुळं टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाचं दुःख इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वरच्यानं दारं अडवली की खालच्याच्या वावरात भेगा. आमच्यातला टेल म्हणजे भाचा.

तर मे महिना. दुकानात माशा मारायचे दिवस, म्हणजे जाडजूड पुस्तकाला हाच हंगाम. सरांनी टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे आपले तीन इंग्रजी खंड आणून गल्ल्यावर ठेवले आणि बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. पहिल्या खंडात 22 प्रकरणं, दुसऱ्यात 21, तिसऱ्यात 19. एकूण 62. मे महिन्याचे दिवस 31. रोज दोन. “लेखकानं मे महिन्यासाठीच लिहिलंय हे,” सर म्हणाले. पहिला खंड 11 तारखेला रात्री संपणार, 12 ला सकाळी भाच्याच्या हातात. ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे मुग्धा कर्णिकांचं मराठी भाषांतर मी आधी वाचलेलं होतं, म्हणून इंग्रजीला हात घालायचं धाडस केलं. ताईंनी आधीच हात वर केले. “मला नाइट ड्यूटीत एवढे डोंगर चढणं होत नाही, दादा.” त्या टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसीच्या वाटेनं गेल्या. त्या मालिकेत 41 कादंबऱ्या, पण कुठूनही शिरता येतं आणि मधेच पेशंट आला तरी धागा सापडतो.

सहा तारखेपर्यंत मी वेळापत्रकात होतो. सात तारखेला तेरावं आणि चौदावं प्रकरण आलं. चौदावं म्हणजे एल्रॉन्ड या एल्फ सरदाराकडची सभा. दुष्ट जादूच्या अंगठीचं काय करायचं यावर जो तो उठून बोलतो आणि प्रत्येकाला आपल्या पणजोबापासून सुरुवात करायची असते. अगदी आमची ग्रामसभा! फरक एवढाच, की तिथं शेवटी काहीतरी ठरतं. मला ते प्रकरण मनापासून आवडतं. पण ते एका बैठकीत होत नाही. आठ तारखेला सेलूला लग्न, दहाला घरचंच लग्न. बारा तारखेला भाचा मोटरसायकलवर आला, तेव्हा मी पंधराव्या प्रकरणात होतो.

“मामा, पाणी सोडा की.”

“चार दिवस.”

“टेलला हेच ऐकायला मिळतं.”

खंड त्याला वीस तारखेला मिळाला. दुसऱ्या खंडाचं त्याहून वाईट झालं. तो मी काउंटरखालच्या फळीवर ठेवला होता आणि वरच्या फळीवरची निंबोळी अर्काची बाटली बुचाजवळ झिरपत होती. सकाळी पुस्तक उचललं तर बोटं तेलकट. खालच्या कोपऱ्याची साठ-सत्तर पानं पिवळी, पारदर्शक, मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसणारी. आणि तो वास! कडू, उग्र, नाकात बसणारा. पानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून दोन दिवस पंख्याखाली ठेवलं. डाग तसेच, वास तसाच. सरांपुढं कसा जाणार? शेवटी गेलो. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “असू द्या. कसर तरी लागणार नाही.” मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

31 मे रोजी माझं 44 वं प्रकरण चालू होतं. मे महिन्याच्या पानावर रास नाही, कोळपणीच.

पावसाळ्यासाठी सरांनी दुसरंच सुचवलं. जाड मालिका बंद, ‘कथासरित्सागर’ घ्या. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं लिहिलेलं, 18 लंबक म्हणजे मोठे भाग, त्यांत 124 तरंग म्हणजे प्रकरणं. रोज एक तरंग, म्हणजे 31 दिवसांचे बरोबर चार महिने. आकडे जमले की सरांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी म्हटलं, आपण ड्रॅगनवाले, हे कशाला? तर म्हणाले, ज्या बृहत्कथेवरून हे आलं ती सांगणारा गुणाढ्य आपल्या पैठणचा. जिथून कालव्याचं पाणी येतं तिथला.

मग चहा गार होईपर्यंत त्यांनी गोष्ट सांगितली. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. एक राणी दमून म्हणते, “मोदकैः”, म्हणजे मा उदकैः, पाणी नको मारू. राजाला संस्कृत येत नाही, तो लाडू मागवतो. राणी हसते. राजा खजील होऊन अंथरूण धरतो. गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. दुसरा मंत्री म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या रानात जातो. तिथं पैशाची नावाच्या चौथ्याच भाषेत, स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोक लिहितो. राजा ते नाकारतो. मग तो एकेक पान जनावरांना वाचून दाखवतो आणि जाळतो. जनावरं चरणं सोडून ऐकत बसतात. इकडं राजाच्या ताटात मांस वाळकं येऊ लागतं, तेव्हा चौकशी होते. राजा पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळालेले असतात.

“वाळकं मांस,” ताई म्हणाल्या, “हे सुचायला डोकं लागतं.”

जून बहुतेक रिकामा ठेवलाय, पेरणीत कोण वाचणार? फक्त भाच्यानं जॉर्ज मार्टिनच्या ड्रॅगनवाल्या मालिकेच्या आतापर्यंतच्या शेवटच्या खंडाची फेरी लावलीय. तो खंड 2011 चा, पुढचा अजून यायचाय आणि वाट बघत हा पुन्हा पुन्हा तेच वाचतो. चौकोनात त्यानं लिहिलंय, ‘ड्रॅगन (दुबार)’.

परवा एक आबा थैली बघायला आले. ओळखीचे, कालव्याच्या पलीकडं शेत. चष्मा वर करून कॅलेंडर वाचलं आणि काळजीनं विचारलं, “काय वो शेठ, ड्रॅगनची बी दुबार करावी लागली व्हय? एकदा लावलं का वीस वर्षं बघायचं काम न्हाई म्हणत व्हते की.”

फळ नाही, पुस्तक, हे सांगायला बराच वेळ लागला. पंख असलेला, आग ओकणारा साप, राजाराण्या, शाप. आबांनी सगळं ऐकून घेतलं. “मंग आमच्या आज्जीची गोष्ट हाय का त्यात? राक्षसाचा जीव पोपटात असतोय ती?” नाही म्हटल्यावर ते खताच्या पोत्यावर बसले आणि सुरू झाले. सात समुद्र, सात कोठड्या, सातव्या कोठडीत पिंजरा. धाकट्या राजपुत्रानं पिंजऱ्याच्या दाराला हात घातला. पोपट म्हणाला, “थांब, आधी माझं ऐक...”

बाहेर ॲपेवाल्यानं हॉर्न दिला. आबा उठले, टोपी झटकली.

“पोपट काय म्हणला?”

“युरियाला येतो की. तव्हा सांगतो.”

जुलैचं पान उचलून तिसऱ्या आठवड्यात लिहून ठेवलंय, ‘युरिया, पोपट’. भाचा विचारतोय, ही कोणती मालिका. आता पाऊस पडला पाहिजे.